सुटे चुंबक, लपलेले चुंबक

चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागले की भूगाव, भुकूम मागे पडतात आणि पिरंगुटच्या घाटाचा चढ येतो. मालाने भरलेले टेम्पो खालच्या गिअरवर घरघरत चढत असतात. त्यांच्या शेजारून दोघांना घेऊन एखादी इलेक्ट्रिक स्कूटर जवळजवळ आवाज न करता वर निघून जाते. त्या स्कूटरच्या मोटरीत धातूच्या चुंबकांचे वजन भरते काही शे ग्रॅम. ते नसतील तर लाखभर रुपयांची गाडी कारखान्यातून बाहेरच पडत नाही.

हे २०२५मध्ये पुण्यात प्रत्यक्ष घडले. जुलैमध्ये बजाज ऑटोचे व्यवस्थापकीय संचालक राजीव बजाज यांनी सांगितले की ऑगस्टमध्ये कंपनीचे इलेक्ट्रिक वाहनांचे उत्पादन शून्यावर येऊ शकते. त्यांची चेतक स्कूटर आकुर्डीला तयार होते. गिऱ्हाईक होते, कामगार होते, बॅटऱ्याही होत्या. चुंबक नव्हते. पुढे काही माल हाती आला आणि २० ऑगस्टपासून उत्पादन पुन्हा सुरू झाले. पण प्रश्न तसाच राहिला. पोलाद गाळणाऱ्या, उपग्रह सोडणाऱ्या देशाला मूठभर चुंबक बाहेरून का आणावे लागतात? आणि त्या आयातीचे आकडे पाहिले तर त्यांतून नेमके काय कळते?

लोखंड आणि नियोडिमियम

लोखंडाचा प्रत्येक अणू हा स्वतःच एक सूक्ष्म चुंबक असतो. तरी साधा खिळा दुसऱ्या खिळ्याला ओढत नाही, कारण आतल्या अणूंच्या टोळ्या वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसलेल्या असतात आणि त्यांचे बळ एकमेकांना खोडून काढते. आठवडे बाजारातल्या गर्दीसारखे हे चित्र आहे. जिकडे ज्याचे काम तिकडे त्याचे तोंड. बाजारातून पालखी निघाली की तेवढा वेळ सगळी तोंडे एका दिशेला वळतात. पालखी पुढे गेली की गर्दी पुन्हा आपापल्या कामाला लागते. मऊ लोखंडाजवळ चुंबक नेला की तेही असेच वागते: जवळ असेल तोवर चुंबक, काढला की लोखंड.

कायमचा चुंबक करायचा तर वळलेली तोंडे परत फिरू नयेत, अशी सोय आतच करावी लागते. तिथे नियोडिमियम कामाला येते. नियोडिमियमचे २, लोखंडाचे १४ आणि बोरॉनचा १ अणू अशी स्फटिकाची रचना जमली की त्यातल्या अणूंना एकच ठरावीक अक्ष धरून राहावे लागते. दिशा उलटी करायची तर बाहेरून फार मोठे बळ लावावे लागते. ताकद मुख्यतः लोखंडाची असते, तिला एका जागी धरून ठेवण्याचे काम नियोडिमियम करते.

हा शोध १९८३मध्ये जगापुढे आला, तोही एकाच वेळी दोन ठिकाणांहून. जपानच्या सुमितोमो स्पेशल मेटल्समध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेच्या जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट यांनी वेगवेगळ्या पद्धतींनी तोच पदार्थ गाठला होता. त्याआधी अल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांचा अल्निको होता, समारियम-कोबाल्ट होता आणि स्वस्तातला काळा फेराइट होता. स्पीकरच्या पाठीमागे किंवा वायपरच्या मोटरीत दिसतो तो फेराइट. तेवढ्याच आकारमानाचा नियोडिमियम चुंबक त्याच्या साधारण दहापट ऊर्जा साठवतो. हातात मावणारी मोटर घाट चढून जाते ती या फरकामुळे.

महाराष्ट्राला चुंबकाचा धंदा नवा नाही. परमनंट मॅग्नेट्स ही कंपनी १९६०मध्ये स्थापन झाली आणि मीरा रोडच्या कारखान्यातून तिने अल्निको चुंबक बनवले. घरोघरच्या जुन्या वीजमीटरमध्ये अल्युमिनियमची चकती फिरायची. तिला लगाम घालणारा चुंबक याच जातीचा. अल्निकोचे ओतकाम देशाला येत होते. नियोडिमियमची वाट मात्र ओतकामाची नाही, आणि तिथे खरी अडचण सुरू होते.

भिऱ्याचे जनित्र आणि स्कूटरची मोटर

पिरंगुटपासून पुढे पौड ओलांडले की मुळशीचे धरण लागते. त्याचे पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पलीकडे, रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला उतरते आणि १९२७पासून तिथे वीज तयार होते. असल्या मोठ्या जनित्रातही चुंबक लागतोच. पण तो तांब्याच्या वेटोळ्यांतून वीज सोडून केलेला विद्युतचुंबक असतो. जागेची ददात नाही, विजेची नाही, मग महागडा धातू कशाला?

स्कूटरचे गणित उलटे आहे. जागा कमी, वजन कमी, आणि बॅटरीतला प्रत्येक युनिट मोलाचा. कायम चुंबक स्वतःचे क्षेत्र टिकवायला वीज खात नाही, वेटोळे तापवत नाही आणि फिरत्या भागापर्यंत वीज पोहोचवण्याचा खटाटोपही वाचवतो. इलेक्ट्रिक मोटारगाडीच्या मोटरीत असे एक ते दोन किलो चुंबक असतात. काही पवनचक्क्यांत ते टनाच्या हिशेबाने बसवतात.

उष्णता हा मात्र या चुंबकाचा शत्रू. सुमारे ३१० अंश सेल्सियसला त्याचे चुंबकत्व पूर्ण जाते, आणि साध्या प्रतीचा चुंबक ८० अंशांच्या पुढेच कमजोर पडू लागतो. म्हणून प्रतीच्या नावापुढे अक्षरे जोडलेली असतात: नुसता एन-३५ किंवा एन-४२ असेल तर ८० अंशांपर्यंत, एसएच असेल तर १५०, यूएच असेल तर १८०. ही वरची अक्षरे मिळवायला मिश्रणात थोडे डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घालावे लागते. प्रमाण थोडेच, पण गाडीच्या तापलेल्या मोटरीत त्यावाचून भागवणे कठीण जाते. ही दोन नावे लक्षात ठेवायला हवीत. २०२५ची सगळी कोंडी त्यांच्याभोवती झाली.

भट्टीच्या आधी आणि नंतर

नियोडिमियम चुंबक घडवताना मिश्रधातू वितळवून त्याचे पातळ पापुद्रे करतात. ते हायड्रोजन वायूत ठेवले की आपोआप तडकून भुगा होतो. वायूच्या झोतात तो आणखी दळून कण ३ ते ५ मायक्रॉनपर्यंत आणतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इतकी बारीक पावडर हवेशी गाठ पडताच पेट घेऊ शकते, म्हणून हे सगळे हवाबंद जागेत करावे लागते. पावडर साच्यात भरतात आणि बाहेरून प्रबळ चुंबकीय क्षेत्र लावून दाबतात, म्हणजे प्रत्येक कण एकाच दिशेला वळून बसतो. मग निर्वात भट्टीत हजार अंशांच्या थोडे वर तापवून कण एकमेकांना जोडतात. न वितळवता जोडण्याच्या या कृतीला सिंटरिंग म्हणतात.

भट्टीतून निघतो तो ठिसूळ ठोकळा. तो कापायचा, घासायचा, गंज लागू नये म्हणून निकेल आणि तांब्याचा मुलामा द्यायचा. सगळ्यात शेवटी विजेचा क्षणभराचा जबर झटका देऊन त्याला चुंबक करायचे. त्या आधीच्या टप्प्यापर्यंत तो ठोकळा टाचणीसुद्धा ओढत नाही.

शेवटच्या या गोष्टीचा संबंध व्यापाराशी आहे. पुष्कळ माल चुंबकत्व न देताच पाठवतात, कारण चुंबकित माल हाताळणे धोक्याचे असते, त्याला लोखंडी कण चिकटतात आणि विमानाने पाठवायचा तर प्रबळ चुंबकांना धोकादायक मालाचे नियम लागू होतात. त्यामुळे न्हावा शेवाच्या बंदरावर उतरणारा ‘चुंबक’ हा पुष्कळदा अजून चुंबक झालेलाच नसतो. सीमाशुल्काच्या भाषेत मात्र तो चुंबकच.

> चौकट: ८५०५११ म्हणजे काय?
>
> जगभरच्या सीमाशुल्क यंत्रणा मालाला ठरावीक सांकेतिक क्रमांक देतात. पहिले सहा अंक सगळ्या देशांत सारखे असतात, म्हणून आयात-निर्यातीची तुलना करता येते.
>
> ८५०५११ : धातूचे कायम चुंबक आणि चुंबकत्व दिल्यावर कायम चुंबक होणाऱ्या वस्तू. नियोडिमियम, समारियम-कोबाल्ट आणि अल्निको हे सगळे यात येतात.
>
> ८५०५१९ : धातूचे नसलेले कायम चुंबक. फेराइट यात मोडतो.
>
> मोटर, स्पीकर, हेडफोन यांच्या आत बसलेला चुंबक या दोन्हींत मोजला जात नाही. तो त्या-त्या यंत्राच्या क्रमांकाखाली देशात येतो.

एकाच वर्षाचे दोन आकडे

२०२४-२५मध्ये भारताने किती रेअर अर्थ चुंबक, म्हणजे नियोडिमियमच्या गटातल्या धातूंचे चुंबक, आणले? २०२५च्या उन्हाळ्यापासून वर्तमानपत्रांत दोन आकडे फिरत होते. क्रिसिल या मानांकन संस्थेने सांगितले, सुमारे ५४० टन. दुसरीकडे ५३ हजार टनांहून अधिक हा आकडा छापून आला. दोन्हींत शंभरपट अंतर, आणि वाचकाने विश्वास कशावर ठेवायचा हे सांगण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही. हे खटकण्यासारखे आहे, कारण साध्या पडताळ्याने बरेच काही उलगडते.

२०२४मध्ये चीनने सगळ्या जगाला मिळून सुमारे ५८ हजार टन रेअर अर्थ चुंबक निर्यात केले. जर्मनी, दक्षिण कोरिया, अमेरिका, व्हिएतनाम ही त्याची मोठी गिऱ्हाइके. भारताच्या चुंबक आयातीत वजनाने ८५ ते ९० टक्के माल चीनचा असतो. मग ५३ हजार टन हे सगळे रेअर अर्थ चुंबक असते तर चीनची बहुतेक निर्यात एकट्या भारतात उतरली असती आणि जर्मनीच्या मोटार कारखान्यांना फारसे काही उरले नसते. तसे घडलेले नाही. त्या मोठ्या आकड्यात फेराइटसारखा जड, स्वस्त मालही मोजला गेला असला पाहिजे. अमेरिकेने आपल्या यादीत ८५०५११च्या पोटात सिंटर केलेल्या नियोडिमियम चुंबकांना वेगळा उपक्रमांक दिला आहे. तसे असेल तर असा घोळ होत नाही.

दुसरी एक सरकारी आकडेवारी जास्त बोलकी आहे. २०२२-२३ ते २०२४-२५ या तीन वर्षांत भारताच्या कायम चुंबकांच्या आयातीत चीनचा वाटा वजनाने ८४.८ ते ९०.४ टक्के होता. किमतीने तोच वाटा ५९.६ ते ८१.३ टक्के. वजनाचा सर्वांत कमी वाटासुद्धा किमतीच्या सर्वांत मोठ्या वाट्यापेक्षा जास्त आहे. म्हणजे चीनचा चुंबक किलोमागे नेहमीच स्वस्त पडला आणि इतर देशांकडून आला तो थोडा पण महाग. चीनने पुरवठा थांबवला तर दुसरीकडून माल मिळणारच नाही असे नाही. मिळेल तो कमी मिळेल आणि जास्त दराने. ज्या कारखानदाराने चिनी दर धरून आपल्या मोटरीची किंमत गिऱ्हाइकाला कळवलेली असते, त्याचा नफा तिथेच संपतो.

लपलेल्या चुंबकांचा हिशेब याहून वेगळा. सुटे चुंबक मिळेनात तेव्हा काही वाहन उद्योगांनी पूर्ण मोटरच चीनमधून आणावी का, याचा विचार सुरू केला. तसे केले की ८५०५११खालची आयात घटते. कागदावर परावलंबन कमी झाल्यासारखे दिसते, प्रत्यक्षात ते वाढलेले असते, कारण चुंबकासोबत मोटर बांधण्याचे कामही बाहेर गेलेले असते. चुंबकांची आयात वाढली ही बातमी वाईट आणि घटली ही चांगली, असे सरसकट धरता येत नाही ते यासाठी. देशात मोटरी बनायला लागल्या की सुट्या चुंबकांची आयात वाढणारच.

४ एप्रिल २०२५

अमेरिकेने जगभरच्या मालावर वाढीव शुल्क जाहीर केले त्यानंतर दोनच दिवसांनी चीनने सात मूलद्रव्यांवर निर्यात परवान्याची अट घातली: समारियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि इट्रियम. नियोडिमियम या यादीत नव्हते. तरीही तापत्या मोटरीत चालणारे नियोडिमियम चुंबक या अटीच्या कचाट्यात सापडले, कारण त्यांत डिस्प्रोसियम किंवा टर्बियम असते.

भारतातल्या आयातदाराला आता माल कुठे वापरणार याचे प्रमाणपत्र द्यावे लागले. त्यावर भारत सरकारची मोहोर, मग दिल्लीतल्या चिनी दूतावासाची, मग तो कागद चीनमधल्या विक्रेत्याकडे आणि त्याच्यामार्फत चीनच्या वाणिज्य मंत्रालयाकडे. क्रिसिलच्या अंदाजाने या फेऱ्याला किमान ४५ दिवस. मे महिन्यात चीनची जगाला होणारी चुंबक निर्यात १,२३८ टनांवर आली. आधीच्या वर्षीच्या मे महिन्यापेक्षा ती ७४ टक्क्यांनी कमी होती. जूनमध्ये ३,१८८ टन आणि ऑगस्टमध्ये सहा हजार टनांच्या वर. असे चढउतार मागणीत एवढ्या थोड्या काळात होत नाहीत. परवाने किती सुटले आणि घाबरलेल्या गिऱ्हाइकांनी किती साठा केला, हेच त्या आकड्यांतून दिसते. काही भारतीय कंपन्यांना परवाने मिळाल्याचे परराष्ट्र मंत्रालयाने सांगितले, तोवर ऑक्टोबर संपत आला होता.

जपानला हा धडा १५ वर्षे आधी मिळाला होता. २०१०मध्ये सेनकाकू बेटांजवळ चिनी मासेमारी बोटीवरून वाद पेटला आणि रेअर अर्थचा पुरवठा आटला. जपानने त्यानंतर ऑस्ट्रेलियातल्या खाणीत पैसा घातला, साठे केले, डिस्प्रोसियम कमी लागेल अशा पद्धती शोधल्या. चीनवरचे त्याचे अवलंबित्व घटले, संपले मात्र नाही.

वाळू किनाऱ्यावर, कोंडी मधल्या पायऱ्यांवर

रेअर अर्थच्या साठ्यांत भारताचा क्रमांक जगात तिसरा सांगितला जातो: सुमारे ६९ लाख टन ऑक्साइड. त्यातले बहुतेक मोनाझाइट या खनिजात आहे आणि ते ओडिशा, आंध्र प्रदेश, तमिळनाडू, केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत सापडते. आयआरईएल ही सरकारी कंपनी १९५०पासून या क्षेत्रात आहे आणि तिचे मुख्यालय मुंबईत आहे. तरी २०२४मध्ये देशाचे उत्पादन सुमारे २,९०० टन ऑक्साइड होते.

मोनाझाइटमध्ये थोरियम असते, म्हणून त्यावर अणुऊर्जेचे कडक नियम लागू होतात आणि वाळू उपसणे हे साधे खाणकाम राहत नाही. शिवाय त्यातल्या रेअर अर्थपैकी बहुतांश भाग सीरियम आणि लँथेनम यांचा. चुंबकाला लागणारी नियोडिमियम आणि प्रासिओडिमियम मिळून पाचवा ते चौथा हिस्सा. डिस्प्रोसियम तर अगदी नगण्य. ही मूलद्रव्ये रसायनाच्या दृष्टीने इतकी सारखी आहेत की त्यांना एकमेकांपासून सोडवायला तेच द्रावण शेकडो टप्प्यांतून न्यावे लागते. त्यानंतर ऑक्साइडचा धातू करायचा, धातूचा मिश्रधातू, आणि मग कुठे वर सांगितलेली पावडर आणि भट्टी.

या मधल्या पायऱ्यांवर चीनने तीन दशके पैसा आणि माणसे लावली. जनरल मोटर्सने चुंबकांसाठी काढलेली मॅग्नेक्वेंच ही कंपनीसुद्धा १९९५मध्ये चिनी भागीदारांच्या हाती गेली आणि काही वर्षांत अमेरिकेतला तिचा कारखाना बंद झाला. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने २०२४मध्ये खाणकामात चीनचा वाटा सुमारे ६० टक्के होता, शुद्धीकरणात ९१ आणि सिंटर केलेल्या चुंबकांत ९४. पायरीगणिक पकड घट्ट होत जाते. डिसेंबर २०२३मध्ये चीनने चुंबक बनवण्याच्या काही तंत्रज्ञानाची निर्यातही बंद केली. त्यामुळे आता यंत्र विकत आणून कारखाना उभा करणे हेही सोपे राहिलेले नाही.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २६ नोव्हेंबर २०२५ रोजी सिंटर केलेल्या रेअर अर्थ चुंबकांसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. वर्षाला ६ हजार टन क्षमता, जास्तीत जास्त पाच उत्पादक, प्रत्येकाला १,२०० टनांपर्यंत. ऑक्साइडपासून तयार चुंबकापर्यंतचा सगळा प्रवास देशात व्हावा ही यातली अट सर्वांत महत्त्वाची, आणि ती योग्यच आहे. नाहीतर बाहेरून ठोकळे आणून इथे फक्त कापाकापी झाली असती. पण हिशेब मांडून पाहावा. चुंबकाच्या वजनात साधारण ३० टक्के रेअर अर्थ धातू असतो. ६ हजार टन चुंबकांना दरसाल १,८०० टन धातू लागेल. २०२४च्या २,९०० टन ऑक्साइडमधला नियोडिमियम-प्रासिओडिमियमचा वाटा धरला तर त्याच्या निम्माही भरत नाही. चुंबकांची आयात कमी झाली तरी काही काळ ऑक्साइडची किंवा धातूची आयात वाढलेली दिसेल.

कारखान्याच्या पातळीवर

पिरंगुट, घोटावडे फाटा, उरवडे या पट्ट्यात लहानमोठ्या कारखान्यांची दाटी आहे. अशा कुठल्याही पट्ट्यात चुंबक ठायीठायी असतो. सरफेस ग्राइंडरच्या टेबलावरचा मॅग्नेटिक चक, डायल लावायचा मॅग्नेटिक स्टँड, पावडरीतले लोखंडी कण ओढून घेणारी जाळी, सेन्सर, छोट्या मोटरी. यातल्या पुष्कळ ठिकाणी फेराइट चालतो आणि त्यावर चीनचा निर्बंध नाही. जिथे जागेची सक्ती नाही तिथे नियोडिमियम वापरायचा हट्ट सोडून देणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि त्यासाठी कोणत्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही.

मोटरीतही पर्याय आहेत. रेल्वेची डब्ल्यूएपी-७ आणि डब्ल्यूएजी-९ ही विद्युत इंजिने वर्षानुवर्षे इंडक्शन मोटरींवर धावत आहेत. त्यांत कायम चुंबक नसतो. रेवा मोटारीच्या नंतरच्या आवृत्त्यांतही अशीच मोटर होती. स्कूटरला ती जड पडते, पण टेम्पो, बस, कारखान्यातले पंप यांना तेवढे वजन सोसते. ज्या मोटरीत चुंबक हवाच तिथे डिस्प्रोसियमशिवायचा चुंबक घेऊन मोटर थंड ठेवण्याची सोय वाढवायची, ही वाट २०२५मध्ये देशातल्या वाहन उद्योगाने धरलीच.

एक गोष्ट मात्र अजून दुर्लक्षित आहे. ठोकळे कापताना आणि घासताना त्यांचा २० ते ३० टक्के भाग चिखल होऊन वाहून जातो. ग्राइंडिंगच्या कूलंटमध्ये साचणाऱ्या त्या काळ्या गाळात नियोडिमियम जवळजवळ ठोकळ्याइतक्याच प्रमाणात असते, आणि तो खाणीतल्या वाळूपेक्षा कितीतरी पटींनी समृद्ध कच्चा माल आहे. चीन आणि जपानमध्ये हा गाळ वेगळा गोळा करून त्यातून ऑक्साइड परत काढतात. वाळल्यावर तो पेटू शकतो, म्हणून द्रवाखाली ठेवून वाहतूक करावी लागते, आणि लोखंडाच्या इतर भुशात मिसळला तर त्याचे मोल जाते. ३ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्राने महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. तिच्यात ई-कचऱ्याबरोबर इतर भंगारही धरले आहे. चुंबक कापणाऱ्या कारखान्याला त्याचा फायदा घ्यायचा असेल तर सुरुवात ग्राइंडरखाली या गाळासाठी वेगळी टाकी बसवण्यापासून करावी लागेल.